परदेशी ई-स्पोर्ट्स संघात जायचंय : व्हिसा, करार, पिंग आणि कागदांची भानगड (सातारा-सांगली)

वाईचा_वजीर
कराड, विटा, फलटण, तासगाव, जिथं म्हणाल तिथं आता एखादं तरी पोरगं व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये इमॉर्टल-रेडियंट या सगळ्यात वरच्या पातळ्यांपर्यंत पोचलेलं सापडतं. तिथवर ठीक. पुढं मात्र 'कोरियाला कसं जायचं', 'युरोपातल्या ऑर्गनं (संघ चालवणाऱ्या संस्थेनं) डिस्कॉर्डवर मेसेज केलाय, आता काय' असले प्रश्न सुरू होतात आणि उत्तर देणारं आसपास कुणी नसतं. इथं व्हिसा, करार, कर यातली जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय. 'स्वप्नं मोठी बघा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. कुठल्या देशात कुठल्या व्हिसावर जाता येतं, अर्ज कोण करतं, पुरावे काय लागतात आणि नकार कशामुळे येतो, तेवढं सांगा.

अजिंक्यतारा
आधी एक फरक डोक्यात पक्का करा. स्पर्धा खेळून परत येणं वेगळं आणि परदेशी संघाच्या पगारावर तिथं राहणं वेगळं. निम्मे नकार या दोन्हींची गल्लत केल्यामुळे येतात.

अमेरिकेपुरतं बोलतो. बक्षिसाच्या रकमेशिवाय तिथून दुसरा कुठलाही पैसा घेणार नसाल, तर व्यावसायिक खेळाडूला एका स्पर्धेपुरतं बी-१ या छोट्या मुदतीच्या व्हिसावर जाता येतं. गोल्फ, मोटर रेसिंगवाले असेच जातात. भारतीय संघाचा पगारी खेळाडू म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघालात आणि पगार भारतातूनच येत असेल, तरी बी-१ चालतो. पण अमेरिकन ऑर्गनं करार केला, महिन्याचा पगार दिला, राहायला टीम हाउस दिलं, की बी-१ चा विषय संपला. तिथं पी-१ए हा खेळाडूंचा कामाचा व्हिसा लागतो.

पी-१ए चा अर्ज खेळाडूला स्वतः करता येत नाही. आय-१२९ नावाची याचिका अमेरिकेतली संस्था किंवा तिथला एजंट भरतो, ती मंजूर झाली की मगच तुम्ही डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरून मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जाता. बी-१ ची फी १८५ डॉलर, याचिकेवरच्या पी व्हिसाची २०५. एकट्या खेळाडूला पी-१ए एका वेळी ५ वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यामुळे कुणी 'पी-१ए काढून देतो, तुम्ही फक्त पैसे भरा' म्हणत असेल, तर पहिला प्रश्न विचारा: याचिकाकर्ता कोण? नाव सांगता येत नसेल तर फोन ठेवून द्या.

हळद_बाजार
बी-१ ला पोरांना नकार का येतो मग? आमंत्रणपत्र असतं, तिकिटाचा खर्च आयोजक करतात, तरी २१४ बी चा कागद हातात.

अजिंक्यतारा
२१४ बी म्हणजे तुम्ही परत येणार असं अधिकाऱ्याला पटलं नाही. वय १९, लग्न नाही, नोकरी नाही, शेत आजोबांच्या नावावर, कॉलेज सोडलेलं, याआधी परदेशप्रवास नाही. समोरच्या माणसाकडे दोन-तीन मिनिटं असतात, त्यात त्याला परत येण्याचं एकही कारण दिसत नाही. याला अपील नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. आणि आधीच्या वेळेपासून काही बदललेलं नसेल तर उत्तरही तेच येतं.

मदत कशाची होते? भारतीय संघाशी स्पर्धेच्या तारखेनंतरही चालू असलेला करार. त्या पगाराच्या बँक नोंदी. कॉलेजचं चालू वर्षाचं बोनाफाइड. आणि आधी सिंगापूर, दुबई, थायलंड वगैरे खेळून वेळेत परत आल्याचे पासपोर्टवरचे शिक्के. शेवटचा मुद्दा लोक हलक्यात घेतात. पहिलीच परदेशवारी अमेरिकेची नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुलाखतीत 'गेम खेळायला जातोय' म्हणू नका. कुठली स्पर्धा, कुठल्या शहरात, कुठल्या तारखांना, पात्रता कशी मिळवली, खर्च कोण करतंय. चार वाक्यांत.

मिरज_जंक्शन
पी-१ए च्या पुराव्यांबद्दल जरा इस्कटून लिहितो, सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे.

नियमात सात प्रकारचे पुरावे दिलेत, त्यातले किमान दोन लागतात. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये आधी खेळलेलं असणं, तिथल्या कॉलेजच्या संघातून खेळलेलं असणं, राष्ट्रीय संघातून आंतरराष्ट्रीय स्पर्धा, खेळाच्या नियामक संस्थेच्या अधिकाऱ्याचं पत्र, क्रीडा माध्यमातल्या किंवा मान्यवर तज्ज्ञाचं पत्र, आंतरराष्ट्रीय क्रमवारी, आणि मोठा सन्मान किंवा पुरस्कार. पहिले दोन आपल्याकडच्या पोराला शक्य नाहीत. राहिले पाच.

क्रमवारीत लोक रेडियंटचा स्क्रीनशॉट जोडतात. तो जवळपास निरुपयोगी. ती एका सर्व्हरची लीडरबोर्ड आहे, दर ॲक्टला (गेमच्या दर छोट्या हंगामाला) बदलते, आणि खात्यामागचा माणूस तुम्हीच आहात हे त्यातून सिद्ध होत नाही. लिक्विपीडिया या ई-स्पोर्ट्सच्या ज्ञानकोशाचं पान जोडायचं तर जोडा, पण ते कुणीही बदलू शकतं हे तिकडच्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. आयोजकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा निकाल, तारखेसकट छापून, सोबत आयोजकाच्या लेटरहेडवर 'अमुक टोपणनावाचा खेळाडू म्हणजे पासपोर्ट क्रमांक अमुक असलेला हा इसम' असं पत्र, हे खरं वजनाचं. त्या स्पर्धेत किती देशांचे संघ होते, बक्षीस किती होतं, प्रक्षेपण कुठं झालं, हेही त्याच पत्रात यावं, कारण स्पर्धेचं नाव अधिकाऱ्यानं ऐकलेलं असेलच असं नाही.

ही पत्रं स्पर्धा संपल्या आठवड्यातच मागून घ्या. दोन वर्षांनी ती आयोजक कंपनी चालू असेल याची खात्री नाही. या धंद्यात कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या येतात-जातात.

हा व्हिसा ई-स्पोर्ट्ससाठी आहे का, यावरही घोळ झालेले आहेत. २०१३ मध्ये कॅनडाच्या डॅनी 'शिफ्टर' ले या लीग ऑफ लेजेंड्सच्या खेळाडूला पी-१ए मिळाला तेव्हा त्याची बातमी झाली होती. तरी २०१६ मध्ये स्वीडनच्या लेफनचा अर्ज अडला, का तर स्मॅश ब्रदर्स मेली हा 'खेळ' आहे का अशी शंका. चाहत्यांनी व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर याचिका घातली तेव्हा लाखावर सह्या झाल्या. म्हणजे एका गेमला दार उघडलं म्हणून दुसऱ्या गेमला आपोआप उघडत नाही. प्रत्येक अर्जात गेम, लीग आणि स्पर्धेची पातळी नव्यानं मांडावी लागते.

वाईचा_वजीर
मोठ्या संघांनाही हा त्रास होतो का? की फक्त आपल्यासारख्यांना?

घाटमाथा
होतो की. डोटा २ ची दहावी 'द इंटरनॅशनल' ऑगस्ट २०२१ मध्ये स्टॉकहोमला ठरली होती. स्वीडिश क्रीडा महासंघानं ई-स्पोर्ट्सला सदस्यत्व द्यायला नकार दिला, त्यामुळे युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंच्या व्हिसाचा आधारच गेला. अख्खी स्पर्धा उचलून ऑक्टोबरात बुखारेस्टला नेली. ४ कोटी डॉलरच्या बक्षिसाची स्पर्धा होती ती! आणि त्याच वर्षी फिलिपिन्सचा ब्रेन ई-स्पोर्ट्स हा संघ पात्र ठरूनही व्हॅलोरंट मास्टर्स बर्लिनला पोचलाच नाही. एक गट तीनच संघांचा खेळवला गेला.

कृष्णाकाठ
युरोपचं मी सांगते.

शेंगेन सी व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा, कमी मुदतीचा) म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. फी ९० युरो, सोबत किमान ३०,००० युरो कव्हरचा प्रवास विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णय साधारण १५ दिवसांत, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत जातो. आपल्या पोरांची खरी अडचण अशी की पात्रता फेरी संपते आणि महिन्याभरात मुख्य स्पर्धा असते. म्हणून पात्रता फेरीत नाव नोंदवलं त्या दिवशीच फाईल तयार ठेवा, फक्त आमंत्रणपत्राची जागा मोकळी सोडा.

पगारावर जायचं तर जर्मनीचा मार्ग सगळ्यात स्पष्ट लिहिलेला आहे. मार्च २०२० पासून तिथल्या रोजगार नियमावलीच्या कलम २२ मध्ये ई-स्पोर्ट्स खेळाडू स्वतंत्र घातलेत. अटी तीन. वय १६ पूर्ण. जर्मन क्लब किंवा तशी व्यावसायिक संस्था. आणि पगार निवृत्तिविम्याच्या उत्पन्नमर्यादेच्या किमान निम्मा. २०२५ ला ही मर्यादा महिन्याला ८,०५० युरो होती, म्हणजे किमान ४,०२५ युरो ढोबळ पगार. शिवाय तिथल्या ई-स्पोर्ट्स महासंघानं 'हा खरोखर व्यावसायिक खेळ आहे आणि त्याला महत्त्व आहे' असं लेखी द्यावं लागतं. मर्यादा दर जानेवारीत बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आकड्यावर करार करू नका.

आता कळलं ना छोट्या जर्मन ऑर्ग भारतीय पोरांना 'आधी टुरिस्टवर या, मग बघू' का म्हणतात? एवढा पगार त्यांना परवडत नाही. टुरिस्टवर जाऊन पगार घेतलात तर बेकायदा काम ठरतं, हद्दपारीचा शिक्का बसला तर पुढं सगळ्या शेंगेन देशांत त्रास. ऑर्गला फार तर दंड. तुमचं मात्र करिअर.

फ्रान्सनं २०१६ च्या डिजिटल कायद्यात ई-स्पोर्ट्सचा मुदतीचा करार वेगळा आणला, साधारणपणे किमान १२ महिने आणि कमाल ५ वर्षं. पण तो कामगार कायदा आहे, व्हिसा वेगळाच काढावा लागतो. लोक दोन्ही एकच समजतात.

तासगावचा_टिकमार्क
जन्मदाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घेतलं की जर्मनीत चालतं ना?

कृष्णाकाठ
नाही! हे लक्षात ठेवाच. भारत अपोस्टिलच्या हेग करारात २००५ ला आला, पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला आहे. त्यामुळे या दोन देशांत अपोस्टिल लागू नाही. जर्मन दूतावास कागद स्वतःच्या पद्धतीनं पडताळून घेतो, त्याला वेळ लागतो. पुण्यातल्या एजंटाला पैसे देऊन अपोस्टिल मारून घ्याल आणि काउंटरवर ते बाजूला ठेवतील. बाकी बहुतेक युरोपीय देशांना अपोस्टिल चालतं.

मिरज_जंक्शन
आता पासपोर्ट. साताऱ्यात आणि सांगलीत टपाल कार्यालयातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, फाईल पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जाते. ३६ पानांची फी १,५०० रुपये, ६० पानांची २,०००, तत्काळला वरती २,०००. सतत फिरायचं असेल तर ६० पानांचाच घ्या. अठराखालच्यांना आईवडील दोघांची संमती 'परिशिष्ट ड' वर लागते. आईवडील वेगळे राहत असतील तर हे आधी मिटवा, इथं फायली अडकतात.

नावाचा घोळ हा खास आपला. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं आधी. पासपोर्टमध्ये 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं दोन्ही, आडनाव वेगळं. स्पर्धेच्या अर्जात पोरं फक्त पहिलं नाव आणि आडनाव टाकतात. मग आमंत्रणपत्रावर एक नाव, तिकिटावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. आयोजकाला नाव कळवताना पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात ना, त्यातलं स्पेलिंग जसंच्या तसं पाठवा. 'जाधव'चं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असणं आपल्याकडे रोजचंच आहे, पण व्हिसा काउंटरवर ती दोन माणसं ठरतात. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन अक्षरं छापून येतात, आणि मग विमान कंपनीपासून बँकेपर्यंत खुलासे देत बसावं लागतं.

अजून एक, कुणी सांगत नाही असं. वय १८ च्या वर आणि दहावी पास नाही, तर पासपोर्टवर ईसीआर येतो, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी स्थलांतर मंजुरी लागते असा शेरा. सौदी, अमिराती, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया हे देश त्या यादीत आहेत. स्पर्धेला जाताना अडचण नाही, पण तिथल्या संघाचा नोकरीचा व्हिसा घेतलात तर स्थलांतर मंजुरी घेतल्याशिवाय मुंबई विमानतळावरून सुटणार नाही.

हळद_बाजार
म्हणजे गेमसाठी शाळा सोडली की रियाधचं विमान पण सुटतं. आमच्याकडच्या काही बापांना हा प्रतिसाद छापून द्यायला पाहिजे 😄

कास_पठार
शाळा सोडायची गरजच नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते. त्याच्या तारखा शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत येतात, त्या चुकवू नका. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि लीगचा हंगाम जानेवारीत सुरू होतो, हा टकराव करार करतानाच ऑर्गला लेखी कळवा. दहा दिवसांची रजा करारात असेल तर कोच कुरकुरतो, पण सोडतो. नसेल तर सोडत नाही.

घाटमाथा
व्हिसावर एवढं झालं, आता ट्रायलपर्यंत पोचण्याचं बोला. पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ.

तांब्यानं-सोन्यानं सुटणारी गोष्ट नाही ही. फायबरमध्ये प्रकाश १ मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा. फ्रँकफर्ट सुमारे ६,५०० किलोमीटर, म्हणजे ६५. केबल सरळ जात नाही, मध्ये राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात सिंगापूर ६० ते ९० आणि फ्रँकफर्ट १२० ते १५० मिळालं तर चांगलं समजा. ५०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला म्हणून हा आकडा घटत नाही.

घटतो कशानं? मार्गानं. काही कंपन्या सिंगापूरची वाहतूक चेन्नईवरून नेतात, काही भलतीकडूनच वळसा घालून. कमांड विंडोत ट्रेसर्ट (संदेशाचा मार्ग टप्प्याटप्प्यानं दाखवणारी आज्ञा) चालवा, कुठल्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतोय ते बघा. उडी मुंबईच्या पुढं असेल तर कंपनी बदलूनच फरक पडेल. उडी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावरच असेल तर दोष घरातल्या वायफायचा किंवा गल्लीतल्या केबलवाल्याचा आहे. लॅन केबल लावा. लाईट गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर बंद, ही मजा पश्चिम महाराष्ट्रात जागोजागी चालते. राउटर आणि ओएनटी (फायबरचा डबा) दोन्हींना छोटा १२ व्होल्टचा यूपीएस जोडा.

ट्रायलच्या वेळा: सोल आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, सिंगापूर अडीच. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन. कोरियन संघाची रात्री ८ ची स्क्रिम (सराव सामना) म्हणजे आपले दुपारचे साडेचार. त्या वेळी कॉलेजात असाल तर आधी सांगा.

तासगावचा_टिकमार्क
८० पिंगवर ट्रायल दिली तर कोच समजून घेतो का?

घाटमाथा
चांगला कोच घेतो, पण त्याला आकडा माहीत पाहिजे. व्हॅलोरंटचा सर्व्हर १२८ टिकचा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदाला एक नोंद. ८० पिंग म्हणजे दहाएक टिक मागं. कोपऱ्यात थांबून धरलेली नेमबाजी मार खाते, पण निर्णय, युटिलिटीचा (धूर वगैरे साधनांचा) वेळ, संवाद हे पिंगवर अवलंबून नाही. म्हणून ट्रायलमध्ये स्वतःहून बाहेर पडून लढत घ्या, धरून बसू नका. आणि व्हॉड (खेळाचं रेकॉर्डिंग) पाठवताना आवाजासकट पाठवा. बाहेरच्या कोचला तुमचे फ्रॅग (मारलेले गडी) दिसतातच, त्याला तुम्ही हरत असताना इंग्रजीत काय बोलता ते ऐकायचं असतं. आपली पोरं सलग तीन राउंड गेले की एकतर गप्प होतात, नाहीतर मराठी-हिंदीत शिव्या. दोन्ही तिकडं ऐकू येतं.

अजिंक्यतारा
कोरियात लीग ऑफ लेजेंड्सचं खातं काढायला तिथल्या नागरिकाचा नोंदणी क्रमांक लागतो, परदेशी खेळाडूला संघाच्या मार्फत सोय होते. चीनमध्ये खरी ओळख लागते आणि सप्टेंबर २०२१ पासून अठराखालच्यांना आठवड्याला तीनच तास ऑनलाइन गेम. हे माहीत नसताना 'बूटकॅम्पला (सराव शिबिराला) कोरियाला जातो' म्हणून तिकीट काढू नका.

वाईचा_वजीर
भारतीय पोरांना बाहेरचे संघ कमी घेतात, त्यामागं फक्त व्हिसा का?

मिरज_जंक्शन
नाही. आयात खेळाडूंची मर्यादा हे मोठं कारण. लीग ऑफ लेजेंड्समध्ये गेमची कंपनी रायटनं २०१४ नंतर नियम लावला की मैदानातल्या पाचांपैकी बाहेरच्या विभागातले दोघंच. म्हणजे तीन जागा स्थानिकांना राखीव. उरलेल्या दोन जागांवर संघ तयार कोरियन घेतो, अनोळखी भारतीयावर ती जागा का खर्च करेल? म्हणून आयात ठरणार नाही असा विभाग गाठा. व्हॅलोरंटमध्ये भारत पॅसिफिक विभागात येतो. मुंबईची ग्लोबल ई-स्पोर्ट्स २०२३ पासून पॅसिफिक लीगमध्ये आहे, आणि ती लीग सोलला चालते. दक्षिण आशियाच्या चॅलेंजर्स या दुसऱ्या फळीच्या लीगमधून वर चढायचा रस्ता आहे. इथला पोरगा युरोपच्या डिस्कॉर्डवर ट्रायल मागत फिरतो आणि दारातल्या चॅलेंजर्सच्या ओपन क्वालिफायरची तारीख त्याला माहीत नसते.

मोबाइलवाल्यांचं तर वेगळंच दुखणं. पबजी मोबाइल २ सप्टेंबर २०२० पासून भारतात बंद. बीजीएमआय ही त्याचीच भारतीय आवृत्ती भारतापुरती, तीही जुलै २०२२ ते मे २०२३ गायब होती. बाहेरच्या कोचला भारतीय पोरं जागतिक सर्व्हरवर दिसतच नाहीत, रोज खेळून बघायचा प्रश्नच येत नाही.

आणि २०१८ ची शांघायची घटना. ऑप्टिक इंडियाचा खेळाडू मंचावर चीटसकट सापडला, संघ त्याच दिवसांत संपला, त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. त्यानंतर बरीच वर्षं भारतीय नावाकडे संशयानं बघितलं गेलं. म्हणून लॅनवरचा, म्हणजे एका ठिकाणी जमून खेळलेल्या स्पर्धेचा, निकाल ऑनलाइन निकालापेक्षा कितीतरी जड. एखादी लॅन स्पर्धा, भले आठच संघांची, पण पंचांसमोर खेळलेली, अर्जात वर लिहा.

कऱ्हाडी_करदाता
करार. क्रमानं नाही लिहीत, जे जास्त बुडवतं ते आधी.

अठराखालच्या मुलानं एकट्यानं सही केलेला करार भारतीय कायद्यात शून्य आहे, १९०३ च्या मोहोरी बीबी निकालापासून हे ठरलेलं आहे. पालकाची सही घ्या आणि पालकानं तो वाचावा. इंग्रजी येत नाही म्हणून सही करून मोकळं होऊ नका, तालुक्याला वकील मिळतो.

भारतीय ऑर्ग सोडून बाहेर जाताना ते 'करार संपल्यावर एक वर्ष दुसरीकडे खेळायचं नाही' हे कलम दाखवतात. करार चालू असेपर्यंत बंधन ठीक, पण संपल्यानंतरची अशी बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. घाबरू नका. बायआउटची रक्कम, म्हणजे करार मुदतीआधी सोडवून घ्यायला नव्या संघानं भरायचे पैसे, ही मात्र खरी अडचण. महिना ३०,००० रुपये पगार आणि बायआउट २५ लाख लिहिलेलं असेल तर कुठली परदेशी ऑर्ग ते भरेल? सही करतानाच बायआउट पगाराच्या पटीत बांधून घ्या, आणि परदेशी प्रस्ताव आल्यास किती दिवसांत उत्तर द्यायचं तेही.

परदेशी करारात चार गोष्टी शोधा. व्हिसा नाकारला तर काय: करार रद्द, की बिनपगारी लटकत? वाद झाला तर कुठल्या देशाचं न्यायालय किंवा लवाद? बक्षिसाचा वाटा किती आणि ऑर्गला पैसे मिळाल्यापासून किती दिवसांत? काढून टाकलं तर परतीचं तिकीट कोणाचं? शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण नोकरीवरचा व्हिसा असेल तर करार संपला की देश सोडायला थोडेच दिवस मिळतात.

खर्चाचं म्हणाल तर खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं. आज खरी ऑर्ग व्हिसा, तिकीट, राहणं स्वतः भरते. खेळाडूकडून 'प्रोसेसिंग फी' मागणारी ऑर्ग ऑर्ग नव्हे.

तासगावचा_टिकमार्क
बक्षिसावर कर किती जातो?

कऱ्हाडी_करदाता
अमेरिकेत अनिवासी खेळाडूच्या बक्षिसातून साधारण ३० टक्के तिथंच कापतात. डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म भरून द्यावा लागतो, आणि वर्ष संपल्यावर १०४२-एस हा कागद मागून घ्या, त्याशिवाय कापलेल्या कराचं क्रेडिट इथं मिळत नाही. तुम्ही भारताचे निवासी असाल तर जगभरची कमाई इथं दाखवावी लागते. नोकरीसाठी बाहेर गेलात आणि त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर अनिवासी ठरता, हिशोब बदलतो. म्हणून निघण्याची तारीख सप्टेंबरच्या अलीकडे की पलीकडे, याला किंमत आहे.

पैसे बँकेत वायरनंच घ्या आणि बँकेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला घ्या. क्रिप्टोत किंवा मित्राच्या खात्यात घेतलेलं बक्षीस पुढच्या व्हिसा अर्जात दाखवता येत नाही, म्हणजे मिळकत गेली आणि पुरावाही गेला.

सांगलीचा_घोडा
सगळे नेमबाजीतच अडकलेत. सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासून आहे, स्वाती घाटे इथल्या. २०२५ ला रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळ आलं, १५ लाख डॉलर बक्षीस, १० मिनिटांचा डाव आणि वाढीव सेकंद नाहीत. अर्जुन एरिगैसी कोरियाच्या जेनजीकडून खेळला, निहाल सरीन भारताच्या एस८यूएल (S8UL) कडून.

इथं कागदाचा फरक बघा. बुद्धिबळपटूकडे फिडेचं रेटिंग, नावानिशी, जन्मवर्षासह, कुणालाही संकेतस्थळावर तपासता येणारं. व्हॅलोरंटवाल्याकडे काय? टोपणनाव आणि स्क्रीनशॉट. मिरज जंक्शननी वर लिहिलेला अर्धा त्रास बुद्धिबळात नाहीच.

मिरज_जंक्शन
मान्य. पण २,५०० च्या खालच्याला कुठली ऑर्ग विचारतच नाही, तेही सांगा ना राव.

सांगलीचा_घोडा
हो, ते आहेच. ग्रँडमास्टर नसाल तर दारातच थांबा.

हळद_बाजार
भारत सरकारची मान्यता दाखवून व्हिसाला फायदा होतो का?

अजिंक्यतारा
थेट नाही. पण २३ डिसेंबर २०२२ च्या राजपत्रात ई-स्पोर्ट्स क्रीडा विभागाकडे दिलं गेलं आणि ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि पैशाचे जुगारी गेम वेगळे केले. कव्हर लेटरमध्ये एका वाक्यात हे लिहून राजपत्राची प्रत जोडा. 'गेमिंग' म्हणजे रमी-बेटिंग नव्हे, एवढं अधिकाऱ्याला कळलं तरी बास.

वाईचा_वजीर
शेवटचं विचारतो. आमंत्रणपत्रात नेमकं काय हवं? आयोजक नेहमी दोन ओळींचं पाठवतात.

कृष्णाकाठ
त्यांना मसुदा तुम्हीच पाठवा, ते सही करून परत देतात. लेटरहेडवर, तारखेसकट. पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. स्पर्धेचं नाव, ठिकाणाचा पूर्ण पत्ता, पोचण्याची आणि परतीची तारीख. तुम्ही कुठल्या पात्रता फेरीतून आलात. विमान, हॉटेल, जेवण यातलं कोण काय भरतंय, हॉटेलचा पत्ता. 'खेळाडूला बक्षिसाव्यतिरिक्त कुठलंही मानधन दिलं जाणार नाही', असेल तरच. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, चालू असलेला फोन आणि कंपनीच्या डोमेनचा ईमेल. जीमेलचा पत्ता असलेलं पत्र परत पाठवून नवं मागा. दूतावास कधीकधी खरंच फोन करतो, तेव्हा उचलणाऱ्याला तुमचं नाव माहीत पाहिजे. बदली खेळाडू आणि कोच यांचं पत्र वेगवेगळं काढा, एकाच पत्रात सात नावं असली आणि एकाला नकार आला तर बाकीच्यांच्या फायलीवरही प्रश्न पडतात.